कडेनं धरलेला कागद

नाशिक,
६ ऑगस्ट २००६

प्रिय चैताली,

सप्रेम जय भीम.

पत्र हातात पडल्यावर तू आधी पाकीट उलटं करून बघशील, गोंद दुसऱ्यांदा लावलाय का ते. खुशाल बघ. माझीच मुलगी आहेस, वळण कुठं जाणार? घरात फोन असताना बाबांनी पत्र का लिहिलं, असंही वाटेल. फोन बाहेरच्या खोलीत, तुझी आई मोरीत भांडी घासत असली तरी तिचा एक कान तारेला लागलेला असतो. शिवाय फोनवर तू नुसतं 'हं' म्हटलंस तरी त्या 'हं'चे मी तीन अर्थ काढतो आणि तिन्ही वाईट निघतात. कागद बरा, तो आवाज बदलत नाही.

इकडे सगळं ठीक आहे. आईचा गुडघा जिना चढताना कुरकुरतो, उतरताना गप्प असतो. विहाराला नवा रंग दिलाय, इतका निळा की दुपारी बघवत नाही. आणखी एक बातमी म्हणजे सावळीराम ३१ तारखेला निवृत्त होतोय. छत्तीस वर्षं आमच्याच कॉलेजात भौतिकशास्त्राच्या प्रयोगशाळेत काढली त्यानं. तू दर दिवाळीला आल्यावर चप्पल काढायच्या आत विचारतेस, सावळीकाका कसे आहेत. मी दर वेळी म्हणतो, मला काय माहीत. मग तू आत जातेस आणि बराच वेळ बाहेर येत नाहीस. मला वाटायचं, ही मुद्दाम डिवचते आहे. तसं नव्हतं, हे मला गेल्या महिन्यात कळलं. तेच सांगायला बसलोय. जरा लांबण लागेल, आत्ता कामात असशील तर संध्याकाळी वाच.

माझा स्वभाव तुला ठाऊक आहे. दुधात लॅक्टोमीटर बुडवून बघणारा आख्ख्या कॉलनीत मी एकटाच. गवळ्यानं शेवटी सांगितलं, "साहेब, तुमची म्हैस तुम्हीच पाळा." तुझी आई म्हणते, यांना आरशात माणूस दिसला तरी विचारतील, कोण तू, कुठला. खरंय. पण हा संशय मी घरातून आणलेला नाही, तो मला नोकरीनं लावला. दहावी पास माणूस मी, एकोणसत्तर साली रसायनशास्त्राच्या प्रयोगशाळेत परिचर म्हणून लागलो. तिथं सगळ्याच पावडरी पांढऱ्या. बाटलीवरची चिठ्ठी गळून पडली की कोणती कोणती, हे डोळ्यांनी सांगता येत नाही. विचारावं लागतं. पाण्यात विरघळतेस का? आम्लात? नायट्रिक घातलं तर पिवळी पडतेस का? पस्तीस वर्षं पांढऱ्या पावडरींची उलटतपासणी केली, की पांढरे कपडे घातलेल्या माणसावरही विश्वास बसत नाही.

तू सातवीत असल्यापासून सुट्टीत माझ्याबरोबर यायचीस. वीस बाटल्यांची ती फळी तुला आठवत असेल. इतर पोरी सागरगोटे खेळायच्या आणि तू अमिनो आम्लं ओळखायचीस. पुस्तकातली सूत्रं मला येत नव्हती, म्हणून मी तुला स्वभाव सांगायचो. सगळ्यांचा सांगाडा एकच, एका हाताला आम्ल, दुसऱ्या हाताला अमाइन, फरक काय तो मधल्या कार्बनच्या खांद्यावरच्या ओझ्यात. ग्लायसीनच्या खांद्यावर काहीच नाही, नुसता हायड्रोजन, म्हणून ते कुठंही शिरतं, चवीलाही गोड. व्हॅलीन आणि ल्युसीन पाण्याला बघून तोंड फिरवतात, थंडीतल्या पोरांसारखी. ग्लुटामिकच्या अंगावर ऋणभार, लायसीनच्या अंगावर धन, म्हणून दोघं एकमेकांना धरून असतात. सिस्टीनकडे गंधक. दोन सिस्टीन समोरासमोर आली की हात धरतात, आणि ते हात सोडवायला वेगळं रसायन घालावं लागतं. तू विचारलं होतंस, मग सुटलेले हात परत जुळतात का? मी म्हटलं, उघड्या हवेत ठेवलं की जुळतात, पण वेळ लागतो. आणि प्रोलीन. त्याच्या खांद्यावरची साखळी मागं वळून स्वतःच्याच अमाइनला जाऊन बांधलेली. त्यामुळं ते ज्या साखळीत बसेल तिथं साखळीला वाकावंच लागतं. निनहायड्रीन फवारलं की बाकी सगळी जांभळी होतात, हे एकटं पिवळं. मी चेष्टेनं म्हणायचो, तू आमच्या घरातली प्रोलीन.

तिथंच तुझा अंगठा कापला. काचेची पिपेट रबरी बुचात घालताना ओली करायची असते, हे मी सांगायला विसरलो आणि ती तुझ्या मुठीत मोडली. दोन टाके पडले. उजव्या अंगठ्यावर आडवी तिरकी रेघ राहिली. तुझ्या आईनं आठवडाभर माझ्या वरणात मीठ घातलं नाही.

निनहायड्रीनचं एक पथ्य मी तुला पहिल्याच दिवशी शिकवलं होतं. कागदाला बोट लावायचं नाही. आपल्या घामात अमिनो आम्लं असतात. फवारून कागद तापवला की ठिपक्यांच्या आधी तुमचा ठसा जांभळा होऊन वर येतो. म्हणून कागद चिमट्यानं उचलायचा, नाहीतर अगदी कडेनं धरायचा, आणि त्यावर रेघ मारायची ती पेन्सिलीनं, कारण शाई द्रावणाबरोबर वर चढते. पोरांना मी वर्षानुवर्षं ओरडत आलो, कडेनं धरा, कडेनं. तुला दोनदा सांगावं लागलं नाही.

आणखी एक गोष्ट सांगितली होती. ट्रिप्टोफॅनची जुनी बाटली मी तुला दाखवली, आतली पावडर उजेडानं तांबूस झालेली. म्हटलं, काही माणसांना हे पचत नाही, रक्तातून उतरणारा दोष असतो. त्यांची लघवी वाटीत उघडी ठेवली की हवेनं काळी पडते. बाळाचं दुपटं काळं होतं आणि आई घाबरते. मरत कोणी नाही, म्हातारपणी सांधे धरतात एवढंच. हे मी आमच्या जुन्या सरांचं व्याख्यान दाराआडून ऐकून तुला सांगितलं होतं. घरी आल्यावर तू आपल्या लंगोट्यांची चौकशी केलीस, त्यावरून आपण तिघं किती हसलो होतो.

आता अठ्ठ्याण्णव साल. ते तुला सांगायची गरज नाही, पण मला क्रमानं लिहिल्याशिवाय सुचत नाही. तू बी.एस्सी.ची परीक्षा दिली होतीस आणि इगतपुरीचं स्थळ आलं. किशोर, रेल्वेत नोकरी, स्वतःचं क्वार्टर. हेच स्थळ दोन महिने आधी सावळीरामच्या मोहिनीला सांगून आलं होतं, तिथं जमलं नाही. तरी सावळीराम स्वतः मला म्हणाला, "पोरगा चांगला हाय धोंडीराम, आमच्या नशिबात नाय, तू बघ." मी बघितलं. तू एकदा म्हणालीस, बाबा, पुण्याला एम.एस्सी.चा अर्ज केलाय. मी म्हटलं, लग्नानंतर बघू. तू पुन्हा म्हणाली नाहीस. मला वाटलं, पटलं.

मे संपता संपता आपला मध्यस्थ नवनाथ ते निनावी पत्र घेऊन आला. किशोरच्या वडिलांनी त्याच्या हाती परत पाठवलेलं. भांडण नाही, आरोप नाही, "पण आता नको" एवढाच निरोप. मजकूर मला तोंडपाठ आहे. 'आपण पसंत केलेल्या मुलीस ट्रिप्टोफॅन नावाचे द्रव्य पचत नाही. लघवी उघडी ठेवल्यास काळी पडते. दोष वंशात उतरतो. मुलीच्या वागणुकीबद्दल काहीही तक्रार नाही. एक हितचिंतक.' अक्षरं पट्टीनं काढल्यासारखी, सगळी पेन्सिलीची. मी पेटलो. म्हटलं, चला इगतपुरीला, सगळ्यांच्या समोर चंचुपात्रात चोवीस तास ठेवून दाखवू, काळी पडते की पिवळी राहते. एका दिवसात खोटं ठरलं असतं. तू म्हणालीस, मी असली परीक्षा देणार नाही. मला तुझा अभिमान वाटला. बाणेदार पोरगी म्हणून मी चार जणांना सांगितलंसुद्धा.

मग मी तपास हाती घेतला. पत्राचे मधोमध दोन तुकडे केले, एक तसाच ठेवला, दुसरा निनहायड्रीन फवारून ओव्हनमध्ये घातला. ठसे फुलून आले. नवनाथला कोरा कागद धरायला देऊन त्याचे ठसे आधीच घेतले होते, ते जुळले. किशोरच्या वडिलांचे, आईचे जुळले, त्यांनी पाठवलेल्या जुन्या चिठ्ठीवरून. पण लिहिणाऱ्याचा एकही ठसा नाही. लिहिताना माणसाचा तळहात कागदावर टेकतो, तिथंही काही नाही. म्हणजे हाताखाली दुसरा कागद घेतलेला आणि हा कागद कडेनं धरलेला. मी त्या ओव्हनपुढं उभा राहून स्वतःशीच म्हणालो, धोंडीराम, हा माणूस प्रयोगशाळेतला आहे.

पुढचं मी फार झटपट जुळवलं. पेन्सिल कोण वापरतं? भौतिकशास्त्रवाले, आलेख काढायला. कागद कडेनं कोण धरतो? ज्याला भिंगं आणि लोलक कडेनं उचलायची सवय आहे तो. इगतपुरीचा पत्ता कोणाला ठाऊक? ज्याच्या मुलीला तिथून नकार आलाय त्याला. रोगाचं नाव? लायब्ररीतलं जीवरसायनाचं पुस्तक बघून काढलं असणार. एवढा पुरावा म्हणजे मला कोर्टच वाटलं. दुसऱ्या दिवशी मधल्या सुट्टीत व्हरांड्यात, जिथं आम्ही अठ्ठावीस वर्षं एका किटलीतला चहा प्यायलो, तिथं मी उरलेला तुकडा त्याच्यापुढं धरला. त्यानं तो घेतला. कडेनं. माझ्या अंगाची लाही झाली. त्यानं बराच वेळ वाचलं, मग माझ्याकडं न बघता म्हणाला, "तुला तसं वाटतंय ना, मंग तसंच." मी नको ते बोललो. त्याच्या मोहिनीबद्दलही बोललो, ते इथं लिहायला हात धजत नाही. त्यानं किटली उचलली, माझा पेला भरला, स्वतःचा तसाच ठेवला आणि गेला.

त्यानंतर आठ वर्षं आम्ही एकमेकांशी बोललो नाही. एकच जिना, एकच मस्टर, सही करायला एकाच दोरीला बांधलेलं पेन. तो आला की मी खिडकीबाहेर बघायचो. मोहिनी नर्सिंग शिकली, तिचं लग्न झालं, पत्रिका आली, मी गेलो नाही. तुझ्या आईला मी काय झालं ते सांगितलं होतं, तुला मात्र ऑफिसचं भांडण म्हणून सांगितलं. तू हातातला घास खाली ठेवलास. मी तेही बघितलं होतं. बघतो सगळं, अर्थ तेवढा चुकीचा काढतो.

लग्न मोडलं आणि जूनमध्ये पुण्याचं पत्र आलं. मी तुझ्या हातात ठेवलं, प्रवेश मिळालाय, पंधरा तारखेच्या आत जायचंय. तू कागदाकडं न बघता माझ्याकडं बघितलंस आणि विचारलंस, "आजच आलं का बाबा?" मी म्हटलं, हो. तू पुन्हा विचारलंस, "आजच?" मी म्हटलं, हो गं, आजच. मग तू माझ्या पाया पडलीस. एस.टी. स्टँडवर तुझ्या ट्रंकेला साखळी लावताना मी तुला सांगत होतो, शेजारच्या प्रवाशाशी बोलू नकोस, आणि तू हसत होतीस. पुण्याहून तू मला सुधारायला लागलीस. बाबा, लायसीनचा भार कायम तेवढाच नसतो, द्रावणाप्रमाणं बदलतो. बाबा, तुम्ही ग्लुटामिक आणि ग्लुटामीन एकच समजता. बाबा, सिस्टीन आणि सिस्टाइन वेगळी. दर पत्रात माझी एक चूक. मला रागही यायचा आणि शेजारच्यांना ती पत्रं वाचूनही दाखवायचो. आता हैदराबादला एवढ्या मोठ्या प्रयोगशाळेत तू प्रथिनांच्या घड्या उलगडतेस, हे मी सांगतो तेव्हा माझ्यावर कोणाचा विश्वास बसत नाही, माझाही नाही.

आता गेल्या महिन्यातलं. आमच्याकडं संध्या मॅडम म्हणून नव्या आल्यात, तरुण आहेत, हातमोजे घालून खडू धरतात. त्या एम.एस्सी.च्या पोरांना शिकवत होत्या, मी मागं टेस्ट ट्यूब लावत होतो. म्हणाल्या, टायरोसीन पुढं नीट मोडलं गेलं नाही की लघवी हवेत काळी पडते. मी थांबलो. तास संपल्यावर म्हटलं, मॅडम, ट्रिप्टोफॅन ना? त्या हसल्या. नाही हो काका, टायरोसीन, कुठल्याही पुस्तकात बघा. मी बघितलं. लायब्ररीत जाऊन एक सोडून तीन पुस्तकं बघितली, तुला माहीत आहे मी एकावर भागवत नाही. तिन्हीत टायरोसीन. जुन्या सरांनीही तेच सांगितलं असणार. मी दाराआडून अर्धं ऐकलं आणि उरलेलं त्या तांबूस बाटलीकडं बघून स्वतःच्या मनानं भरलं. वीस वर्षं मी चुकीचा होतो, आणि ही चूक जगातल्या एकाही पुस्तकात नाही.

चैताली, मी तिथंच स्टुलावर बसलो. कारण ही चूक पुस्तकात नाही, तर ती त्या पत्रात कुठून आली? सावळीरामनं पुस्तक बघून लिहिलं असतं तर टायरोसीन लिहिलं असतं. ही गोष्ट मी चुकीची सांगितली होती ती फक्त एका मुलीला, एका सुट्टीत, एका बाटलीसमोर. मग बाकीचं आपोआप समोर येत गेलं. वैऱ्यानं लिहिलं असतं तर चालचलणुकीवर लिहिलं असतं, त्याला काही उपाय नसतो. 'वागणुकीबद्दल काहीही तक्रार नाही' असं कोणता वैरी लिहितो? ज्यानं लिहिलं त्यानं असा रोग निवडला, की हवं तेव्हा एका चंचुपात्रात खोटा ठरावा, जन्माचा डाग राहू नये. आणि ज्या पोरीनं ग्लुटामिकपासून सिस्टीनपर्यंत माझी एकेक चूक काढली, तिनं ही सगळ्यात मोठी चूक कधीच काढली नाही. पुण्यात पहिल्याच वर्षी तुला कळलं असेल. तेव्हापासून दर दिवाळीला तू उंबऱ्यात उभी राहून माझा चेहरा वाचत होतीस, बाबांना कळलं का. आणि मी तुझा वाचत होतो, ही सावळीरामची बाजू का घेते. मग दोन दिवसांत परत निघायचीस.

दुसऱ्या दिवशी मी देवळालीला सावळीरामकडं गेलो. आठ वर्षांनी दारात उभा. काय बोलावं ते पाठ करून गेलो होतो, सगळं विसरलो. नुसतं म्हटलं, ते तू लिहिलं नव्हतंस. तो म्हणाला, "नाय." मी विचारलं, कोणी लिहिलं ते तुला माहीत होतं? म्हणाला, "तू कागद दावला तवाच. पेन्सिल माझ्याच डेस्कातली व्हती, कडक टोकाची. तुझ्या पोरीनं आठ दिस आधी मागून नेली व्हती." मी म्हटलं, मग बोलला का नाहीस? त्यावर तो जे बोलला ते मी मरेपर्यंत विसरणार नाही. "तू माझ्याशी नाय बोललास तर तुझं काय गेलं, एक चहा. पोरीशी नाय बोलला असतास तर? तवा तू लय तापलेला व्हतास, धोंडीराम." आणि मग, "पोरीला आता काय इचारू नको." मी त्याच्या पायाला हात लावायला वाकलो, त्यानं दंडाला धरून उठवलं. चहा आला. मला एकाएकी रडू आलं आणि मी चहा गरम आहे म्हणून सांगितलं. मोहिनीलाही फोन लावून दिला त्यानं. ती म्हणाली, काका, मी कधीच विसरले. ती विसरलेली नाही, पण तिनं तसं म्हटलं.

तुला विचारायचं नाही, हा शब्द मी त्याला दिला आणि तो पाळतोय. हे पत्र विचारायला लिहिलेलं नाही, माझं सांगायला लिहिलंय. त्या दिवशी घरी परतताना एक प्रश्न सुटत नव्हता, की माझी मुलगी, जी मला दुधाच्या भांड्यावरूनही तोंडावर बोलते, तिनं हे मला न सांगता चोरून का केलं. उत्तर मला ठाऊक होतं, फक्त पुरावा नको होता. तरी मी प्रयोगशाळेतलं विषारी रसायनांचं कपाट उघडलं, खालच्या कप्प्यातून, आर्सेनिकच्या मागून, एक पाकीट काढलं. पुण्याचं. पत्र तुला दिलं, पण पाकीट मी दिलं नव्हतं, कारण त्याच्यावरचा शिक्का जूनचा नव्हता, नऊ मेचा होता. तुझा प्रवेश बारा मेला पोस्टमननं माझ्या हातात दिला होता आणि मी तो महिनाभर कुलपात ठेवला. इगतपुरीचं जमलेलं बिघडेल म्हणून. खरं सांगू, तू एकदा गेलीस की परत येणार नाहीस म्हणून. लग्न मोडल्यावर तोच कागद 'आजच आला' म्हणून मी तुझ्या हातात ठेवला. परवा मी ते पाकीट फवारलं आणि ओव्हनमध्ये ठेवलं. त्या निनावी पत्रावर तुझं एक बोट नव्हतं. ह्या पाकिटावर दहाच्या दहा आहेत, पुढून, मागून, दाबून धरलेली, आणि वरच्या कोपऱ्यात उजवा अंगठा, आडव्या तिरक्या रेघेसकट. त्या मे महिन्यात बाटल्या धुवायला आलीस, कपाटाची किल्ली मीच तुझ्या हाती दिली, तेव्हा ते तुला सापडलं, तू हातात धरलंस, कडेनं धरायचंही भान राहिलं नाही, आणि जसं होतं तसं जागेवर ठेवून दिलंस. मला एका शब्दानं विचारलं नाहीस. पेन्सिल मागायला गेलीस ती त्यानंतर. आठ वर्षं मी एका पत्राचा चोर शोधत होतो, आणि पहिलं पत्र चोरणारा मीच होतो. चुकलो गं पोरी. ३१ तारखेला सावळीरामच्या निरोपाला मला बोलायला सांगितलंय, तू आलीस तर मला बोलता येईल. पाकीट यासोबत पाठवतोय, ते तुझंच आहे. आणि हे पत्र शाईनं लिहिलंय, दोन्ही तळहात कागदावर टेकून, कुठंही फवारून बघ.

तुझाच,
धोंडीराम, तुझा बाप